सुनेच्या नागरिकत्वाचा कागद भिजला तर

दादर आणि परळच्या मधला हिंदमाताचा परिसर बशीसारखा खोलगट आहे. मोठा पाऊस आणि समुद्राची भरती एकदम आली की इथल्या पाण्याला बाहेर पडायला वाट मिळत नाही. अलीकडे महापालिकेने प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या. तरी 26 जुलै 2005 ज्यांनी पाहिला, त्यांचा जीव आभाळ भरून आले की आजही धास्तावतो. त्या दिवशी 24 तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता.

पाणी घरात शिरू लागले की तळमजल्यावरची माणसे आधी सिलिंडर, धान्य, टीव्ही वर चढवतात. कागदांची फाईल मात्र बहुधा कपाटाच्या खालच्या कप्प्यातच राहते. जन्माचा दाखला वॉर्ड ऑफिसातून पुन्हा काढता येतो, शाळा सोडल्याचा दाखला शाळेतून मिळतो. पण घरात परदेशात जन्मलेली सून असेल, किंवा पाकिस्तानातून येऊन इथे नागरिक झालेले आजोबा असतील, तर त्यांचा सगळा आधार एका प्रमाणपत्रावर असतो.

अशी माणसे महाराष्ट्राला परकी नाहीत. मिनीॲपोलिसमध्ये जन्मलेल्या गेल ऑम्वेट भारत पाटणकरांशी लग्न करून सांगलीतल्या कासेगावच्या झाल्या आणि 1983 मध्ये भारताच्या नागरिक झाल्या. 1955 च्या नागरिकत्व कायद्यानुसार भारतीयाशी लग्न झालेल्या व्यक्तीला साधारणपणे 7 वर्षे इथे राहिल्यावर नोंदणीसाठी अर्ज करता येतो. भारताशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घेतली की नोंदणी होते आणि प्रमाणपत्र हाती येते.

ते हरवले म्हणून नागरिकत्व जात नाही, हे घरातल्या प्रत्येकाने आधी नीट समजून घ्यावे. नागरिकत्व नोंदणीने मिळालेले असते, कागद हा तिचा पुरावा. ते काढून घ्यायचे तर केंद्र सरकारला कायद्यात सांगितलेल्या कारणांवरूनच, रीतसर आदेश काढून घ्यावे लागते. कागद गहाळ होणे हे त्यातले कारण नाही.

मात्र पुराव्याशिवाय अडते, आणि चांगलेच अडते. आधार कार्ड इथे कामाचे नाही. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे आधार कायद्यातच म्हटले आहे. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र नुसते जवळ असल्याने कोणी नागरिक ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयानेही ऑगस्ट 2025 मध्ये स्पष्ट केले.

भिजलेला कागद फेकू नये. सही शाईची असते. इस्त्री किंवा हेअर ड्रायर लावला तर उरलीसुरली अक्षरेही जायची. दोन टिपकागदांमध्ये ठेवून सावलीत, पंख्याखाली वाळवावा. लॅमिनेशन तर करूच नये. कागद पार गेला असेल तर पोलीस ठाण्यात किंवा मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्यावी.

पुढची खरी मेहनत जुना क्रमांक शोधण्याची. प्रमाणपत्राचा क्रमांक, तारीख आणि फाईल क्रमांक पासपोर्टच्या जुन्या अर्जात किंवा एखाद्या झेरॉक्सवर सापडू शकतो. तो घेऊन, ज्या कार्यालयातून मूळ अर्ज पुढे गेला तिथे लेखी मागणी करावी. मुंबई शहरातल्यांसाठी ते फोर्टमधल्या जुन्या जकात घरातले जिल्हाधिकारी कार्यालय. दिल्लीत केंद्रीय गृह मंत्रालय. सोबत पोलिसांची नोंद, प्रतिज्ञापत्र आणि जुन्या परदेशी पासपोर्टची प्रत जोडावी. उत्तर येत नसेल तर 10 रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करून स्वतःच्या फाईलमधल्या कागदांच्या साक्षांकित प्रती मागाव्यात. त्यावर 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. नागरिकत्वाबद्दलच शंका उभी राहिली, तर कायद्याच्या कलम 13 खाली केंद्र सरकार त्या व्यक्तीला नागरिक असल्याचे प्रमाणपत्र देऊ शकते, आणि तो निर्णायक पुरावा ठरतो.

ही धडपड एकट्या सुनेसाठी नसते. 3 डिसेंबर 2004 पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे नागरिकत्व आईवडील दोघांच्याही स्थितीवर ठरते. त्यामुळे उद्या मुलाच्या पासपोर्टच्या वेळी आईचा कागद मागितला जाऊ शकतो. त्याची एक प्रत मुलांच्या फाईलमध्ये आणि एक हिंदमाताच्या पाण्यापासून लांब, दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे असावी.