एक शब्द, दोन शस्त्रकर्मे

केनियातील किकुयू लोकांच्या भाषेत ‘इरुआ’ असा एक शब्द आहे. मुलाची सुंता आणि मुलीच्या जननेंद्रियाचा छेद, या दोहोंना परंपरेने हाच शब्द लावीत. दोहोंनी बाल्य संपते, अशी त्यामागील श्रद्धा होती. १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जोमो केन्याटा यांनी या प्रथेचे समर्थनच केले.

परंतु नाव एक, म्हणून कृती एक होत नाही. सुंतेत शिश्नाग्रावरील त्वचा काढतात. अवयव शाबूत राहतो. किकुयूंच्या प्रथेत मुलीची शिश्निका, म्हणजे कामसंवेदनेचा मुख्य अवयवच, कापला जाई. सोमाली समाजात तर पुष्कळदा जखमेच्या कडा जोडून योनिद्वार जवळजवळ बंद करीत. रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पुढे अवघड प्रसूती हे याचे परिणाम होत. आरोग्यास लाभ कोणताच नाही.

सुंतेची गोष्ट निराळी. केनियातील किसुमू येथील चाचणीत सुंता झालेल्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचा नवा संसर्ग सुमारे निम्म्याने घटला. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाचा प्रादुर्भाव मोठा असलेल्या देशांस ऐच्छिक सुंतेची शिफारस केली. केनियाने ती स्वीकारली आणि त्याच देशाने २०११ साली मुलींवरील छेद कायद्याने गुन्हा ठरविला. यात विसंगती नाही. देहास काय घडते हे पाहून केलेला तो विवेक आहे.

तथापि एक प्रश्न दोहोंकडे उरतोच. प्रौढ पुरुष स्वेच्छेने सुंता करवून घेतो. अजाण बालकास विचारतो कोण? सुंतेची हानी अल्प असली, तरी हा प्रश्न अल्प ठरत नाही.

केवळ बंदीने प्रथा मरत नाही, हेही केनियानेच दाखविले. १९५६ साली मेरू भागात बंदी येताच कित्येक मुलींनी हट्टाने एकमेकींवर शस्त्र चालविले. कारण त्यांच्या लेखी तो मानाचा प्रश्न होता. पुढे १९९६ साली शेजारच्या थराका भागात निराळा मार्ग निघाला. मुलींना काही दिवस एकत्र ठेवून शिकवण द्यावयाची, मग गावाने उत्सव करावयाचा. शस्त्र मात्र नाही. या विधीस तेथे ‘शब्दांनी केलेली सुंता’ म्हणतात. मान राहिला, देहही राहिला.