पेंढ्यातले गाईला किती पचते?

पनवेलसह रायगड जिल्ह्यात भात हे प्रमुख पीक असल्याने येथील गाईंच्या कोरड्या वैरणीत भाताच्या पेंढ्याला मोठे स्थान आहे. मात्र गव्हाणीत पडलेला सगळाच पेंढा अंगी लागत नाही. खाल्लेल्या शुष्क पदार्थांपैकी, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागापैकी, जो हिस्सा शेणावाटे बाहेर पडत नाही, त्याला पचनीयता म्हणतात.

ती मोजण्याच्या मूळ पद्धतीत पाच ते सात दिवस गाईचे खाणे, उष्टी वैरण आणि सर्व शेण तोलले जाते. दहा किलो शुष्क पदार्थ खाऊन पाच किलो शेणात उतरले, तर पचनीयता ५० टक्के ठरते. हे कष्ट टाळण्यासाठी न पचणारा घटक खूण म्हणून वापरतात. पेंढ्यात सिलिका भरपूर असल्याने आम्लात न विरघळणारी राख ही येथे सोयीची खूण ठरते: तिचे प्रमाण आहारात ८ आणि शेणात १६ टक्के असेल, तर निम्मा आहार पचला असा अर्थ होतो. मात्र जमिनीवरून उचललेल्या शेणात माती मिसळल्यास राख वाढून पचनीयता खऱ्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून नमुना थेट गुदाशयातून घेतात.

टिली आणि टेरी या संशोधकांनी १९६३ मध्ये मांडलेल्या प्रयोगशाळेतील पद्धतीत वैरणीचा नमुना ४८ तास कोटीपोटातील, म्हणजे गाईच्या पहिल्या पोटातील, जंतुयुक्त द्रवात आणि नंतर तितकाच काळ आम्ल व पेप्सिनमध्ये ठेवतात. पचनीयता वाढवण्यासाठी पेंढ्यावर केलेल्या युरिया-प्रक्रियेने तो किती सुधारला, हे अशा मोजणीतूनच कळते.