लग्नाचा कागद कोणाचा? अमेरिकेतील समलिंगी विवाह : गैरसमज आणि वस्तुस्थिती

११ जुलै २०१३. बाल्टिमोरच्या विमानतळावर एक छोटे वैद्यकीय विमान येऊन थांबले. आत स्ट्रेचरवर जॉन आर्थर होता. एएलएस या मज्जातंतूंच्या आजाराने त्याला अंथरुणाला खिळवले होते. शेजारी जिम ओबर्गेफेल, दोन दशकांचा त्याचा सोबती. त्या विमानातच काही मिनिटांत दोघांचे लग्न लागले आणि विमान परत ओहायो राज्यातल्या त्यांच्या घराकडे निघाले. ओहायोने २००४ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून समलिंगी विवाहाचा रस्ता बंद केला होता. मेरिलँडमध्ये तो खुला होता. म्हणून मरणाच्या दारात असलेल्या माणसाला लग्नासाठी विमानाने न्यावे लागले.

जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर ‘विवाहित’ असे लिहिले जावे आणि जोडीदार म्हणून जिमचे नाव यावे, एवढ्यासाठी दोघांनी न्यायालय गाठले. ऑक्टोबरात जॉन गेला. खटला मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत चढला आणि २६ जून २०१५ रोजी ५ विरुद्ध ४ अशा मतांनी न्यायालयाने निकाल दिला : समलिंगी जोडप्यांना विवाहाचा हक्क प्रत्येक राज्याने दिलाच पाहिजे. त्या निकालाला दहा वर्षे उलटून गेली, तरी त्याच्याभोवतीचे गैरसमज विरलेले नाहीत. त्यातले काही तपासून पाहू.

गैरसमज १ : आता चर्चलाही अशी लग्ने लावावीच लागतात.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. अमेरिकेत लग्नाचे दोन भाग असतात. परवाना सरकारी कार्यालय देते आणि तो कायद्याचा भाग. धर्मविधी करायचा की नाही, कुठे करायचा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग. न्यायालयाचा निकाल फक्त पहिल्या भागाला लागू आहे. घटनेची पहिली दुरुस्ती धर्मस्वातंत्र्याचे रक्षण करते, त्यामुळे कोणत्याही पाद्र्याला किंवा ज्यू रब्बायला त्याच्या मनाविरुद्ध लग्न लावायला सरकार भाग पाडू शकत नाही. घटस्फोटाचेच पाहा. कायद्याने घटस्फोटितांना पुनर्विवाह करता येतो. पण पहिला विवाह चर्चने रद्दबातल ठरवल्याशिवाय आणि पहिला जोडीदार हयात असताना कॅथलिक चर्च तसे लग्न लावत नाही. त्यासाठी कोणी चर्चवर पोलीस पाठवलेले नाहीत. २०२२ च्या ‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज’ या केंद्रीय कायद्यातही हे संरक्षण स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे.

सरकारी अधिकाऱ्याची गोष्ट वेगळी. केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी २०१५ मध्ये श्रद्धेचे कारण देऊन विवाह परवाने देणेच थांबवले. न्यायालयाचा आदेश मोडल्याबद्दल त्यांना पाच दिवस तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या श्रद्धेला कोणी हात लावला नव्हता. खिडकीच्या त्या बाजूला त्या सरकार म्हणून बसल्या होत्या आणि या बाजूला हक्काचा परवाना मागणारे नागरिक उभे होते. पुढे २०१६ मध्ये केंटकीने परवान्यावरून क्लार्कचे नावच काढून टाकले. श्रद्धा आणि हक्क दोन्ही जपणारी वाट निघू शकते, हे त्यातून दिसले.

गैरसमज २ : धर्म एका बाजूला आणि समान हक्क दुसऱ्या बाजूला, अशी ही लढाई आहे.

वस्तुस्थिती : धर्म दोन्ही बाजूंना आहे. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने २००५ मध्येच समलिंगी विवाहाला पाठिंबा दिला. एपिस्कोपल चर्चने २०१५ मध्ये आपल्या विवाहविधीचे दार उघडले. युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०२४ मध्ये आपल्या पाद्र्यांनी अशी लग्ने लावण्यावरची बंदी उठवली. सुधारणावादी ज्यू परंपरेतले अनेक रब्बाय अशी लग्ने लावतात. दुसरीकडे कॅथलिक चर्च आणि सदर्न बॅप्टिस्ट यांचा विरोध कायम आहे. २०२३ च्या अखेरीस व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्याची मुभा दिली, पण ते लग्न नव्हे असे बजावून.

मॉर्मन चर्चचा प्रवास तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियात समलिंगी विवाह बंद करणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’ साठी या चर्चने आपले बळ लावले होते. त्याच चर्चने २०२२ मध्ये या विवाहांना संरक्षण देणाऱ्या केंद्रीय कायद्याला पाठिंबा दिला. विवाहाबद्दलची त्याची शिकवण तसूभरही बदललेली नाही. धार्मिक संस्थांचे स्वातंत्र्य कायद्यात शाबूत राहते, एवढी खात्री त्याला पुरली.

धर्माच्या नावाने विवाहाला विरोध पूर्वीही झाला आहे. गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाचा खटला व्हर्जिनियात चालला, तेव्हा देवाने वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणूनच, असे तिथल्या न्यायाधीशाने लिहिले होते. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती बंदी मोडली. आज अमेरिकेतल्या मुख्य प्रवाहातला कोणताही पंथ त्या युक्तिवादाची पाठराखण करत नाही.

गैरसमज ३ : डेमोक्रॅट पहिल्यापासून बाजूने, रिपब्लिकन पहिल्यापासून विरोधात.

वस्तुस्थिती : समलिंगी विवाहांना केंद्रीय मान्यता नाकारणारा १९९६ चा कायदा डेमोक्रॅट अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या सहीने झाला. सिनेटमध्ये त्याच्या बाजूने ८५ मते पडली, विरोधात अवघी १४. बराक ओबामा २००८ च्या निवडणुकीत या विवाहाच्या विरोधात होते. जाहीर पाठिंबा दिला तो मे २०१२ मध्ये. उलट ‘प्रपोझिशन ८’ ला न्यायालयात आव्हान देणाऱ्यांत टेड ओल्सन होते, जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्या काळात सरकारचे सॉलिसिटर जनरल राहिलेले पक्के रूढीवादी वकील. २०१५ चा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती अँथनी केनेडी यांची नेमणूकही रिपब्लिकन अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनीच केली होती. आणि २०२२ चा कायदा सिनेटमध्ये ६१ विरुद्ध ३६ मतांनी संमत झाला, तेव्हा त्या ६१ मध्ये १२ रिपब्लिकन होते.

मात्र आज पक्षांमधली दरी पुन्हा रुंदावते आहे. गॅलप या जनमत संस्थेच्या पाहणीत २०२१ मध्ये ५५ टक्के रिपब्लिकनांनी या विवाहांना अनुकूलता दाखवली होती; २०२५ मध्ये हे प्रमाण ४१ टक्क्यांवर घसरले.

गैरसमज ४ : न्यायाधीशांनी हा बदल जनतेवर लादला.

वस्तुस्थिती : हे अर्धेच खरे. २००४ च्या एकाच वर्षात १३ राज्यांच्या मतदारांनी बंदीची घटनादुरुस्ती केली. २०१५ च्या निकालात विरोधी मत देणारे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचाही आक्षेप हाच होता, की हा प्रश्न लोकांनी मतदानाने सोडवायला हवा होता. पण निकालाच्या अडीच वर्षे आधीच मेन, मेरिलँड आणि वॉशिंग्टन या राज्यांच्या मतदारांनी समलिंगी विवाहाला कौल दिला होता. गॅलपच्या पाहणीत १९९६ मध्ये २७ टक्के लोक अनुकूल होते. २०१५ च्या निकालाआधी ते ६० टक्के झाले होते. म्हणजे न्यायालय लोकमताच्या पुढे धावले नव्हते. १९६७ च्या आंतरवंशीय विवाहाच्या निकालावेळी मात्र ते धावले होते : १९६८ च्या गॅलप पाहणीत अशा विवाहांना फक्त २० टक्के लोकांची संमती होती. त्या हक्कासाठी बहुमताची वाट पाहायला हवी होती, असे आज कोण म्हणेल?

गैरसमज ५ : प्रश्न फक्त मानाचा आहे, कागदाने व्यवहारात काय फरक पडतो?

वस्तुस्थिती : एडिथ विंडसर यांना विचारले असते तर त्यांनी रक्कमच सांगितली असती. चार दशकांहून अधिक काळ सोबत राहिलेल्या थिया स्पायर यांचे २००९ मध्ये निधन झाले. दोघींनी कॅनडात लग्न केले होते, पण केंद्र सरकारच्या लेखी त्या परक्या होत्या. नवऱ्याच्या पश्चात बायकोला जो वारसा कर लागला नसता, तो ३,६३,०५३ डॉलर त्यांना भरावा लागला. २०१३ मध्ये त्यांनी खटला जिंकला आणि क्लिंटन यांच्या काळातल्या कायद्याचा कणा मोडला. केंद्रीय कायद्यांत वैवाहिक स्थितीशी जोडलेल्या तरतुदी २००४ च्या सरकारी मोजणीनुसार १,१३८ होत्या : पेन्शन, करसवलती, सामाजिक सुरक्षा, व्हिसा.

या शेवटच्या शब्दाशी मराठी माणसाचाही संबंध येतो. २०१३ च्या त्या निकालानंतरच अमेरिकेने समलिंगी जोडीदारांना पती-पत्नीच्या नात्याने व्हिसा द्यायला सुरुवात केली. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मुलाला तिथे लग्न केलेल्या आपल्या जोडीदाराला सोबत ठेवण्याचा मार्ग मिळाला. भारतात मात्र सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये असा विवाहहक्क मानण्यास नकार दिला. त्यामुळे तेच जोडपे मुंबईला उतरले की कायद्याच्या लेखी एकमेकांचे कोणीच नसते.

गैरसमज ६ : २०१५ मध्ये विषय कायमचा मिटला.

वस्तुस्थिती : जून २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा न्यायमूर्ती क्लॅरेन्स थॉमस यांनी स्वतंत्र मत लिहिले, की २०१५ च्या निकालाचाही फेरविचार व्हावा. त्याच धास्तीतून वर्षअखेरीस ‘रिस्पेक्ट फॉर मॅरेज’ कायदा झाला. त्याची मर्यादा मात्र नीट समजून घ्यायला हवी. दुसऱ्या राज्यात झालेले लग्न मान्य करणे तो सक्तीचे करतो. स्वतःच्या राज्यात लग्न लावणे सक्तीचे करत नाही. उद्या २०१५ चा निकाल उलटला, तर बंदीवाल्या राज्यातल्या जोडप्याला पुन्हा शेजारच्या राज्यात जाऊन लग्न करावे लागेल.

जून २०२५ मध्ये सदर्न बॅप्टिस्टांनी हा निकाल उलटवण्याची मागणी करणारा ठराव केला. किम डेव्हिस यांनीही सर्वोच्च न्यायालयाला तेच साकडे घातले. १० नोव्हेंबर २०२५ रोजी न्यायालयाने त्यांचा अर्ज ऐकण्यासही नकार दिला. काही राज्ये शहाणपणाने आधीच घर आवरत आहेत. नेवाडाने २०२० मध्ये, तर कॅलिफोर्निया, कोलोरॅडो आणि हवाई यांनी २०२४ मध्ये आपापल्या घटनेतला जुना अडसर मतदानाने काढून टाकला.

जिम ओबर्गेफेल यांचे ओहायो त्या यादीत नाही. जॉनच्या मृत्यूच्या दाखल्यावर जोडीदार म्हणून जिमचे नाव लागले, पण २००४ साली ओहायोच्या राज्यघटनेत घातलेला बंदीचा मजकूर २०२५ सरतानाही तिथेच होता. २०१५ च्या निकालामुळे तो निष्प्रभ आहे, खोडलेला नाही.