परक्याच्या भांडणात भल्याने कसे पडावे?

श्रोते हो, बुलढाणा जिल्ह्यातल्या उंद्रीसारख्या गावात दोन शेजाऱ्यांचे धुऱ्यावरून भांडण लागले म्हणजे काय होते, ते आपण सारे जाणतो. तमाशा बघणारे पुष्कळ मिळतात. एकाची बाजू घेऊन आगीत तेल ओतणारेही मिळतात. पण ‘या माणसाला आमच्या वावरातले ढेकूळही नको आहे’ असा ज्याच्याविषयी दोघांनाही भरवसा वाटतो, असा मनुष्य विरळा. तो मिळाला तर मोजणी होते, दगड रोवला जातो आणि पेरणी खोळंबत नाही.

देशादेशांच्या भांडणातही अशा माणसाची, म्हणजे अशा सरकारची, गरज पडते. युद्धाने होरपळलेल्या देशाला बाहेरच्या सरकारने मदत करावी, हे बोलणे सोपे आहे. ती कशी करावी, हा खरा प्रश्न. त्याचे उत्तर शोधायला आपल्याच देशाची एक हकीकत उपयोगी पडेल. ती आहे कोरियातली.

कोरिया हा चीनच्या पूर्वेला, समुद्रात शिरलेला देश. १९४५ साली जपानचा पराभव झाल्यावर त्याचे दोन भाग पडले. उत्तरेत रशियाचे वजन, दक्षिणेत अमेरिकेचे. २५ जून १९५० रोजी उत्तर कोरियाची फौज दक्षिणेत घुसली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या नावाने अमेरिका व इतर देशांच्या फौजा दक्षिणेच्या मदतीला धावल्या. पुढे चीनची फौज उत्तरेच्या बाजूने उतरली.

भारताने आक्रमणाचा निषेध केला, पण लढाऊ फौज पाठविली नाही. पाठविले ते डॉक्टर. ६०वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही लष्करी वैद्यकीय तुकडी नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात उतरली. तिचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल रंगराज. हाडे गोठविणारी थंडी, मागे हटणारी फौज, आणि अशात जखमींची शुश्रूषा. मार्च १९५१ मध्ये या तुकडीचे काही लोक अमेरिकन सैनिकांबरोबर विमानातून छत्रीच्या साहाय्याने उतरले आणि त्यांनी तिथेच इलाज सुरू केला. तुकडीच्या दुसऱ्या भागाने तेगू शहरातील नागरिकांची सेवा केली. आता तुम्ही म्हणाल, एवढ्या मोठ्या युद्धात मूठभर डॉक्टरांनी काय होणार? युद्ध थांबले नाही हे खरेच. पण बंदूक न पाठविता मदत पाठविता येते, हे दिसले. आणि तीन वर्षांपूर्वीच स्वतंत्र झालेल्या गरीब देशालाही ती पाठविता येते, हेही दिसले.

जुलै १९५१ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या, आणि घोडे अडले युद्धकैद्यांवर. लढाई संपली की कैद्यांना विनाविलंब घरी पाठवावे, असा १९४९ च्या जिनिव्हा कराराचा नियम. पण दक्षिणेकडच्या छावण्यांतील हजारो चिनी व उत्तर कोरियन कैदी म्हणू लागले, ‘आम्हांला परत जायचे नाही.’ एक पक्ष म्हणे, नियमाप्रमाणे सारे परत द्या. दुसरा म्हणे, जबरदस्तीने कोणाला ढकलणार नाही. या एका गाठीपायी वर्षाहून अधिक काळ माणसे मरत राहिली.

ती सोडविण्यासाठी भारताने संयुक्त राष्ट्रसंघात एक योजना मांडली. कृष्ण मेनन यांनी तिच्यासाठी पुष्कळ खटपट केली. योजनेचे सार साधे होते: कैदी तटस्थ देशांच्या मंडळाच्या ताब्यात द्यावेत आणि कोणावरही बळजबरी होऊ नये. ३ डिसेंबर १९५२ रोजी आमसभेने ती मान्य केली. रशिया व चीन यांनी त्या वेळी ती झिडकारली. पण मार्च १९५३ मध्ये स्टालिन वारले, वारे थोडे बदलले, आणि २७ जुलै १९५३ रोजी पानमुनजोम येथे जो शस्त्रसंधी झाला, त्यात त्याच धर्तीची व्यवस्था आली. आज नाकारलेला मधला मार्ग उद्या कामी येतो, तो असा.

तटस्थ मंडळात स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकोस्लोव्हाकिया आणि भारत असे पाच देश होते. अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या. कैद्यांवर पहारा ठेवायचे काम मात्र एकट्या भारताचे. सुमारे सहा हजारांच्या त्या फौजेचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मराठी गृहस्थ, मेजर जनरल शंकरराव थोरात. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी भारतीय शिपायांना आपल्या भूमीवर पाऊल ठेवू देणार नाही, असे बजावले होते. म्हणून बोटीने इंचॉन बंदरात आलेल्या जवानांना हेलिकॉप्टरने उचलून दोन्ही फौजांमधल्या मोकळ्या पट्ट्यात नेण्यात आले. तिथे त्यांनी छावणी उभारली. तिचे नाव ठेवले ‘हिंद नगर’.

एका बाजूचे सुमारे साडेबावीस हजार कैदी आणि दुसऱ्या बाजूचे ३५९, असे लोक त्यांच्या हवाली झाले. हे कैदी गरीब गाय नव्हते. त्यांच्यात म्होरके होते, टोळ्या होत्या, भीती होती. सप्टेंबर १९५३ मध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला कुंपणाच्या आत ओढून नेले. थोरात मोजक्या साथीदारांसह त्या जमावात शिरले. ‘इतक्या लांबून पाहुणा आला आणि कोणी चहासुद्धा विचारीत नाही?’ अशा अर्थाचे ते काही बोलले, अशी आठवण सांगितली जाते. जमाव निवळला, मेजर सुखरूप बाहेर आले. पुढे थोरातांना अशोकचक्राचा दुसरा वर्ग, म्हणजे आजचे कीर्तिचक्र, मिळाले.

पण सारेच गोड झाले, असे सांगणे खोटे ठरेल. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांतच दंगल झाली, पहारेकऱ्यांना गोळी झाडावी लागली आणि काही कैदी मेले. प्रत्येक कैद्याला त्याच्या देशाच्या प्रतिनिधीने नव्वद दिवसांत समजावून सांगायचे होते. ते थोड्यांच्याच बाबतीत घडले. साडेबावीस हजारांपैकी सहाशेंच्या आसपास परत गेले. ८०हून अधिक लोकांना दोन्ही बाजू नको होत्या; ते भारतीय फौजेबरोबर भारतात आले. जानेवारी १९५४ मध्ये उरलेले कैदी ज्याच्या त्याच्या बाजूला परत सोपवून भारताने काम आटोपते घेतले. उत्तरवाले म्हणाले, तुम्ही घाई केली. दक्षिणवाले आधीपासून रागावलेलेच होते. मध्यस्थाला दोन्हींकडून बोल खावे लागतात, ही त्या कामाची मजुरीच समजावी.

मग हाती काय आले? बंदुका थांबल्या. शांततेचा तह दोन्ही कोरियांत अजूनही झालेला नाही, पण तो शस्त्रसंधी टिकला आहे. एके काळी परक्यांच्या मदतीवर तगलेला दक्षिण कोरिया आज इतरांना मदत देणाऱ्या देशांत गणला जातो. हे काही एकट्या भारतामुळे झाले नाही. कोरियन लोकांचे कष्ट आणि अमेरिकेचा पैसा यांचा वाटा मोठा. पण त्यासाठी आधी तोफा गप्प व्हाव्या लागल्या, आणि त्या गप्प होण्यात आपल्या देशाचा हातभार होता.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात आशियाचा नकाशा लावून ही हकीकत जरूर सांगावी. आणि कुठल्याही सरकारने युद्धग्रस्त देशाला मदत केल्याची बातमी कानी आली, की मुलांना चार प्रश्न विचारायला लावावेत. मदत करणाऱ्याचा त्यात स्वतःचा डाव आहे का? दोन्ही पक्षांनी त्याला येऊ दिले आहे का? त्याचे औषध आणि अन्न सामान्य माणसाच्या हाती पोचते का? आणि काम संपल्यावर तो घरी परत जाणार आहे का?

कोरियात हिंद नगरचे तंबू सहा महिन्यांच्या आत उतरले. १९५४च्या फेब्रुवारीत जवान बोटीत चढले, ते तिथली मूठभर मातीही मागे न मागता. परक्याच्या भांडणात भल्याने पडायचे, तर ते असे.