वीज गेल्यानंतरची वीज



कर्जत-खालापूरच्या माणसाला विजेची ओळख करून द्यावी लागत नाही. खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे लोखंडी नळ आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. टाटांचे खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले आणि भिवपुरीचे १९२२ साली. मुंबईच्या गिरण्यांना लागणारी वीज आपल्या या घाटाच्या पायथ्याशी तयार होऊ लागली. घाटमाथ्यावरच्या तलावांत पावसाचे पाणी साठवायचे, ते सुमारे पाचशे मीटर खाली आणायचे आणि त्याच्या जोरावर चक्रे फिरवायची, अशी ती योजना. तिच्यातील एकच गोष्ट आज ध्यानात घ्या. खालचे चक्र थांबले म्हणून वरचे पाणी नाहीसे होत नाही. ते नळात उभेच असते. म्हणून चक्राला हात लावण्यापूर्वी झडप बंद आहे की नाही, हे जाणता माणूस आधी पाहतो.

असाच एक छोटा तलाव आता आपल्या पतपेढीत, दवाखान्यात, शाळेच्या कचेरीत येऊन बसला आहे. त्याला यू.पी.एस. म्हणतात. वीज जाताच संगणक बंद पडू नये म्हणून क्षणार्धात आपल्या बॅटरीतून वीज पुरविणारे हे यंत्र. संगणकांची संख्या वाढली की ते सारे एका लोखंडी मांडणीत एकावर एक बसवितात. या मांडणीला रॅक म्हणतात. तिच्यात बसणाऱ्या यंत्रांच्या पुढच्या पट्टीची रुंदी सर्वत्र एकच, १९ इंच. आणि उंची मोजण्याचे माप ‘यू’, म्हणजे पावणेदोन इंच. यू.पी.एस.ही याच रॅकमध्ये एका खणात बसतो. तो सुरक्षितपणे कसा बसवावा, हा आजचा विषय.

मेन स्विच पाडला की वीज बंद झाली, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. यू.पी.एस. नेमका हाच अनुभव खोटा पाडतो. मेन स्विच पाडल्याबरोबर तो जागा होतो आणि रॅकमध्ये २३० व्होल्ट तसेच्या तसे राहतात. पुढे जे जे नियम मी सांगणार आहे, ते सारे या एका गोष्टीतून निघतात.

आधी वजनाचे पाहू. तीन हजार व्होल्ट-अँपिअरचा, शिशाच्या बॅटऱ्या असलेला यू.पी.एस. दिसायला पुस्तकाच्या खोक्याएवढा, पण भरतो तीस किलोच्या आसपास. एकट्याने तो उचलू नये. बॅटरीचा संच बाहेर निघत असेल तर आधी तो काढावा, रिकामे यंत्र दोघांनी मिळून खणात सरकवावे आणि मग बॅटऱ्या आत घालाव्यात. पुढच्या दोन कानांना स्क्रू मारले की काम झाले असे समजू नये. ते कान यंत्राला जागेवर ठेवण्यासाठी असतात, भार पेलण्यासाठी नव्हे. भार खालच्या आडव्या पट्ट्यांवर यावयास हवा, आणि त्या पट्ट्या पुढे-मागे दोन्हीकडे घट्ट हव्यात. जड यंत्र सर्वांत खाली ठेवावे. वर ठेवले आणि खण पुढे ओढला, तर सबंध रॅक अंगावर येण्याची भीती असते.

आता येथे आपल्या मुलखाचा एक प्रश्न उभा राहतो. जड वस्तू तळाशी ठेवा म्हणावे, तर आपल्याकडे पाणीही तळाशीच येते. २६ जुलै २००५ चा पाऊस उल्हासच्या खोऱ्यातील कोण विसरला असेल? तेव्हा यू.पी.एस. वर न उचलता सबंध रॅकच पक्क्या ओट्यावर घ्यावा आणि भिंतीला किंवा ओट्याला जखडून टाकावा. बॅटरी पाण्यात गेली तर मेन स्विच पाडून काही उपयोग नाही, हे आता निराळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट हवेची. शिशाच्या बॅटरीला २५ अंशांच्या आसपासची हवा मानवते. त्यावर दर दहा अंश वाढले की तिचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. पत्र्याखालच्या खोलीत वैशाखात ती किती दिवस टिकेल, याचा हिशेब ज्याने त्याने करावा. शिवाय बॅटरी भरताना, विशेषतः ती बिघडलेली असल्यास, हायड्रोजन वायू सुटू शकतो. हवेत तो शेकडा चार झाला की ठिणगीने पेट घेतो. म्हणून उंदीर व धूळ यांच्या भयाने कपाटाची सारी भोके बुजवून टाकणे बरे नव्हे. बारीक जाळी लावावी, पण हवा खेळती ठेवावी.

तिसरी गोष्ट भाराची. तीन हजार व्होल्ट-अँपिअरला २३० ने भागले तर उत्तर येते सुमारे तेरा अँपिअर. बॅटरी भरण्याची वीज त्यावर वेगळी. दिवा-पंख्याच्या सहा अँपिअरच्या प्लगमध्ये हे मावत नाही. वायरिंग तापते, भिंतीतच जळते. यंत्रावरील पाटी वाचून त्याला बेताच्या जाडीची स्वतंत्र लाइन, सोळा अँपिअरचा प्लग आणि स्वतंत्र एम.सी.बी. द्यावा, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडून करवून घ्यावे. लेझर प्रिंटर, पंखा, चहाची किटली यांना यू.पी.एस.वर जागा नाही.

याच ओघात अपेक्षेचाही हिशेब करू. बारा व्होल्टच्या, नऊ अँपिअर-तासांच्या सहा बॅटऱ्या म्हणजे सुमारे ६५० वॅट-तास. दीड हजार वॅटचा भार टाकला तर कागदावर पंचवीस मिनिटे निघतात. पण वीज भराभर खेचली की बॅटरी कमी देते, म्हणून हाती त्याच्या निम्मीच समजावी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड जिल्ह्यातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. तेवढा अंधार काढणे हे यू.पी.एस.चे काम नाही. हिशेब नीट जतन करून संगणक शिस्तीने बंद करावा, किंवा जनरेटर सुरू होईपर्यंत तग धरावा, एवढ्यासाठीच ती मिनिटे आहेत.

चौथी गोष्ट अर्थिंगची, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक संगणक थोडी वीज अर्थच्या तारेत सोडतो. त्याची रचनाच तशी असते. दहा संगणकांची ही गळती एकत्र होते. अर्थ चांगली असेल तर ती निमूट जमिनीत जाते. अर्थ तुटलेली असेल तर रॅकच्या पत्र्यावर येते आणि हात लावणाऱ्याला झिणझिण्या आणते. आता पाहा : यू.पी.एस. चालतो का, हे तपासण्यासाठी पुष्कळ जण भिंतीतला प्लगच उपसतात. प्लगबरोबर अर्थचीही तार सुटते, यंत्र मात्र आतून चालूच राहते. परीक्षा घ्यावयाची तर एम.सी.बी. पाडून घ्यावी, म्हणजे अर्थ जागेवर राहते. रॅकच्या सांगाड्यालाही स्वतंत्र अर्थची तार जोडावी. आणि उन्हाळ्याच्या शेवटी जमीन कोरडी ठणठणीत असताना अर्थिंग एकदा मोजून घ्यावे; पावसात ते सर्वांचेच चांगले निघते.

पाचवी गोष्ट दुसऱ्याच्या जिवाची. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून यू.पी.एस.ची वीज भिंतीच्या प्लगमध्ये उलटी घालण्याची युक्ती काही जण करतात. ही वीज मीटरमधून मागे तारांवर जाऊ शकते आणि ट्रान्सफॉर्मरमधून उलटी चढून हजारो व्होल्टची होऊ शकते. त्या वेळी खांबावर कोण असतो? वीज गेली आहे म्हणून भर पावसात ती दुरुस्त करावयास चढलेला आपल्याच गावचा वायरमन. इन्व्हर्टर आणि जनरेटर यांनाही हाच नियम लागू आहे. यू.पी.एस.ची वीज फक्त त्याच्या स्वतःच्या सॉकेटांतून, फक्त ठरलेल्या यंत्रांकडे जावी.

शेवटी, उघडताना काय करावे? प्रथम संगणक बंद करावेत. मग यू.पी.एस.चे स्वतःचे बटण दाबून तो बंद करावा. त्यानंतर एम.सी.बी. पाडावा, प्लग काढावा आणि सर्वांत शेवटी बॅटरीची जोडणी सोडवावी. त्यापुढेही आतले कपॅसिटर काही काळ भरलेले असतात. पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबावे आणि मीटर लावून खात्री करावी. अंगठी, घड्याळ, धातूच्या बांगड्या आधी उतरवाव्यात. सहा बॅटऱ्या ओळीने जोडल्या की ७२ व्होल्ट होतात, आणि बॅटरीच्या दोन टोकांत पाना पडला तर शेकडो अँपिअर एका क्षणात धावतात. बॅटरीला स्विच नसतो. ती फुगलेली दिसली तर ओढाताण करू नये, जाणत्याला बोलवावे. आणि जुनी बॅटरी उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्यावी, कारण तिच्यातील शिसे विषारी आहे. आग लागलीच तर पाणी न मारता कार्बन डायॉक्साइडचे नळकांडे वापरावे.

यातले सारे प्रत्येकाला पाठ असावे असे नाही. पण रॅकच्या दारावर मराठीत, ठळक अक्षरांत एक पाटी लावावी : ‘मेन स्विच बंद केला तरी आत वीज आहे’, आणि तिच्याखाली बंद करण्याचा क्रम. ही पाटी वायरमनइतकीच रात्रपाळीच्या शिपायासाठी आणि झाडलोट करणाऱ्या बाईंसाठीही आहे. यंत्र बसविणारा बिल घेऊन निघून जातो; त्या कपाटाशेजारी रोज वावरणारी माणसे हीच असतात. त्यांना वाचता येईल असे लिहिले गेले, तरच यंत्र नीट बसविले असे म्हणता येईल.