ओला अंगठा आणि पलीकडचा टॉवर

उन्हाळ्यात उजनी धरणाचं पाणी मागे सरकतं आणि करमाळा तालुक्यातल्या कुगाव, केत्तूर, वाशिंबेच्या शेतकऱ्यांच्या मोटारी त्याच्या मागोमाग खाली उतरतात. केबल वाढवा, पाईप जोडा, गाळातून चारी काढा. हात कोपरापर्यंत चिखलात असताना नेमका खिशातला फोन वाजतो. हिरवं बटण सरकवायला जावं, तर पडदा ढिम्म. अंगठा विजारीला पुसेपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असतो.

धरण १९८० साली पूर्ण झालं, तेव्हापासून इथला दिवस पाण्याच्या चढउतारावर चालतो. स्मार्टफोन मात्र कोरड्या हाताच्या, सावलीत बसलेल्या माणसासाठी घडवलेला. काठावरच्या माणसाची त्याच्याकडून मागणी काय, ती अडते कुठे, हे एकेक करून पाहू.

पहिली मागणी ओल्या हाताची. पडद्याच्या काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. चिलापी मासे धरायच्या जाळ्यासारखीच, फक्त डोळ्यांना न दिसणारी. प्रत्येक छेदावर किंचित विद्युतभार साठलेला असतो. आपलं शरीर विजेचं वाहक असल्याने बोट टेकलं की तिथला भार थोडा बदलतो. कोणत्या छेदावर बदल झाला, हे आतली चिप सेकंदाला अनेक वेळा मोजते. म्हणून नखाने दाबून काही होत नाही, बोटाने नुसतं शिवलं की होतं.

पण तळ्याचं पाणीही वाहकच. एखादा थेंब पडला तर चिपला ते बोट वाटतं आणि फोन आपोआप भलत्याच माणसाला लागतो. पाण्याचा पापुद्रा पसरला, तर बोटाचा परिणामही पसरतो. मधला नेमका बिंदू सापडत नाही, आणि एवढा मोठा डाग दिसला की चिप तो तळवा समजून सोडून देते.

यावर तोड आहे. जाळी दोन तऱ्हांनी मोजता येते: उभ्या-आडव्या पट्ट्यांमधला बदल आणि प्रत्येक पट्टीचा स्वतंत्र बदल. सुटा थेंब पहिल्या मोजणीत ठळक दिसतो, दुसरीत जेमतेम. बोट मात्र दोन्हीकडे दिसतं. ओल्या पडद्यावरचं बोट ओळखणारी सोय वनप्लसने ‘अ‍ॅक्वा टच’ या नावाने आणली. काठावरची मागणी एवढीच, की ही सोय स्वस्तातल्या फोनमध्येही यावी. तोवर एक उपाय: सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये आवाज वाढवायच्या बटणाने फोन उचलायची सेटिंग असते. बटणाला ओलं-कोरडं कळत नाही, तेच इथे कामाला येतं.

दुसरी मागणी रेंजची, आणि तिथे गंमत जास्त आहे. पाणी ओसरल्यावर आपण तळ्याच्या उतारावर खाली उभे असतो. गावातला टॉवर मागच्या दरडीआड जातो. समोर मात्र मोकळं पाणी, अडवायला झाड नाही की घर नाही. त्यामुळे पलीकडच्या इंदापूर तालुक्यातला, कैक किलोमीटरवरचा टॉवर फोनला अधिक स्पष्ट ऐकू येतो. सिग्नलच्या दांड्या दिसतात, पण फोन लागत नाही.

कारण दांड्या सांगतात फक्त टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती पोचतो ते. आपला आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, ते त्या सांगत नाहीत. टॉवर मोठ्या ताकदीने बोलतो. फोर-जी फोनची कमाल ताकद सुमारे ०.२ वॅट. काठावरून आरोळी ठोकणारा आणि भोंग्यावरून बोलणारा, असा हा सामना. फोन मग जिवाच्या आकांताने ओरडतो आणि बॅटरी झपाट्याने उतरते. शिवाय एकदा धरलेला टॉवर फोन लगेच सोडत नाही. दुसरा ठरावीक फरकाने सरस ठरला तरच उडी मारतो.

सेटिंगमध्ये कंपनी निवडता येते, टॉवर नाही. म्हणून मागणी अशी, की ‘तुमचा आवाज पोचत नाही’ हे फोनने सरळ सांगावं. तूर्त दरडीवर चढून विमान मोड लावून काढावा. फोन नव्याने शोध घेतो आणि बहुधा गावचा टॉवर धरतो.

तिसरी मागणी उन्हाची. भर उन्हात पडदा दिसावा म्हणून फोन उजेड वाढवतो, त्याने तापतो, आणि तापला की स्वतःच उजेड कमी करतो. आयफोनसाठी अ‍ॅपल ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते. इकडे सोलापूर जिल्ह्यात उन्हाळी पारा चाळिशी ओलांडतो. फोन टोपीखाली धरावा आणि काळ्याऐवजी पांढरी पार्श्वभूमी ठेवावी, म्हणजे अक्षरं बरी दिसतात.

राहिली सगळ्यात जुनी मागणी: रात्रीची लाईट आली की अंधारात मोटारीपर्यंत जावं लागू नये. ती फोन कंपन्यांनी पुरवली नाही. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी ‘नॅनो गणेश’ हे यंत्र स्टार्टरला जोडलं. त्यातल्या सिमला फोन लावायचा, आकडे दाबायचे, मोटार चालू. आता असे मोबाईल स्टार्टर सर्रास दिसतात. घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. टू-जीवर चालणाऱ्या यंत्रात जिओचं सिम चालत नाही, कारण जिओकडे टू-जी नाहीच. आणि पाण्यामागे मोटार कितीही खाली गेली, तरी सिमची पेटी दरडीवरच ठेवावी, जिथून गावचा टॉवर दिसतो.