चिठ्ठीचा न्याय

जेथें वस्तु थोडी आणि मागणारे फार, तेथें वांटणी कशी करावी, हा प्रश्न फार जुना आहे. वडील असेल त्यास आधीं द्यावें, अधिक मोल देईल त्यास द्यावें, प्रथम येईल त्यास द्यावें, किंवा चिठ्ठ्या टाकाव्या, असे चार मार्ग सामान्यतः दिसतात. पहिल्या तिहींत वय, पैसा किंवा पायांतील बळ यांचा पक्षपात होतो. चौथा मात्र कोणाचें तोंड पाहत नाहीं, म्हणून तोच निर्दोष, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आम्ही आज वाचकांस अमेरिकेंतील दलदलीकडे नेत आहों.

रानबदकांची शिकार हा आमच्या वाचकांच्या घरीं निघण्यासारखा विषय नव्हे. चक्रवाकाची ओळख आपणांस झाली ती काव्यांतून. आणि १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्याची १९९१ ची दुरुस्ती यांनंतर भारतांत हौशी शिकारीस जागाच उरली नाहीं. अमेरिकेंत ती कायदेशीर आहे, पण मोकाट नाहीं. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांविषयीं तेथें १९१८ पासून मध्यवर्ती कायदा आहे, आणि १९३४ पासून सोळा वर्षें व त्यांवरील प्रत्येक बदक-शिकाऱ्यास दरसाल एक तिकीट विकत घ्यावें लागतें. हल्लीं त्याची किंमत २५ डॉलर असून तें द्रव्य मुख्यतः पाणथळ जमिनी राखण्याकडे जातें. शरदृतूंत हे पक्षी उत्तरेकडून मिसिसिपीच्या खोऱ्यानें दक्षिणेस उतरतात. तेथील सरकारी जलाशयांवर लांकडी सांगाडा उभारून व तो गवत-फांद्यांनीं झांकून शिकारी पहाटेच्या अंधारांत आंत दडून बसतात. या आडोशास आपल्याकडील रानांत हिंडणारे लोक ‘लपण’ म्हणतात. एकाच्या बंदुकीचे छरे दुसऱ्यास लागूं नयेत म्हणून दोन लपणांत पुरतें अंतर ठेवावें लागतें. त्यामुळें जागा मोजक्याच राहतात, आणि इलिनॉय, टेनेसी इत्यादि राज्यांत त्या सोडतीनें दिल्या जातात.

आतां गणित पाहूं. समजा, लपणें २० आणि अर्जदार ४०० आहेत. प्रत्येकाची संधि विसांत एक, म्हणजे शेंकडा ५. पुष्कळांस वाटतें कीं, जो आधीं घड्यांत हात घालील त्यास लाभ अधिक. हें खरें नव्हे. तीन चिठ्ठ्यांपैकीं एकीवर खूण आहे असें धरा. पहिल्यास ती मिळण्याचा संभव एक तृतीयांश. दुसऱ्यास ती मिळावयाची तर पहिला हुकला पाहिजे, त्याचा संभव दोन तृतीयांश. मग उरलेल्या दोहोंतून ती हातीं येण्याचा संभव अर्धा. गुणाकार पुन्हां एक तृतीयांशच. तिसऱ्याचेंही तेंच. तेव्हां रांगेंतील जागेसाठीं धक्काबुक्की करणें व्यर्थ होय.

खरा फरक पडतो तो चिठ्ठ्यांच्या संख्येनें. एका लपणांत तीन-चार जण सहज बसतात. चार मित्रांनीं आपापल्या नांवें वेगवेगळा अर्ज केला, म्हणजे कोणाचेंही नांव निघालें तरी चौघांची सोय होते. एकट्याची संधि शेंकडा ५, तर या चौकडीची शेंकडा १८ ते १९. दहा नांवें घातलीं तर ती ४० च्या घरांत जाते. येथवर अन्याय नाहीं. चौघांनीं चार चिठ्ठ्या घालून एकच जागा चौघांत वांटून घेतली. परंतु बंदूक कशी धरावी हेंही ज्यांस ठाऊक नाहीं, अशा मावशी, सासरे व मेहुणे यांचीं नांवें घड्यांत पडूं लागलीं, म्हणजे सोडत शिकाऱ्यांची न राहतां गोतावळ्याची होते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ही युक्ति समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं! सर्वांनींच ती केली तर लाभ कोणासच नाहीं. मात्र एकटा किंवा नवखा मनुष्य मागें पडतो. अर्जदाराजवळ शिकारीचा परवाना असावा, सोडतीस त्यानें जातीनें हजर राहावें, असले नियम याच कारणानें केले जातात. पण हजेरीचा नियमही निर्दोष नव्हे. दिवसाची मजुरी बुडवून लांबवर येणें ज्यास परवडत नाहीं, तो घड्याशीं पोंचण्यापूर्वींच हरलेला असतो.

दुसरी समजूत अशी कीं, इतकीं वर्षें हुकलें, आतां पाळी आपलीच. चिठ्ठ्यांस स्मरणशक्ति नसते. संधि शेंकडा ५ असतां दहा वर्षें सतत अर्ज करणाऱ्या शंभरांपैकीं सुमारें ६० जण रिकाम्या हातानेंच राहतात, वीस वर्षांनंतरही सुमारें ३६. आणि एकविसाव्या वर्षीं त्या छत्तिसांची संधि पुन्हां शेंकडा ५ च. गणितास हें न्याय्य, पण मनास निर्दय वाटतें. म्हणून हरिणादि मोठ्या जनावरांच्या परवान्यांत कांहीं राज्यांनीं हुकलेल्या वर्षांबद्दल गुण देण्याची रीत काढली. ज्याचे गुण अधिक त्यास आधीं, हें तत्त्व कोलोराडोनें स्वीकारलें. नेव्हाडांत गुणांचा वर्ग करितात. पांच गुणांस पंचवीस जादा संधि. न्यू मेक्सिकोनें मात्र गुण नाकारून कोरी सोडतच ठेविली. गुणांनीं जुन्यांचे अश्रु पुसले, हें खरें. पण यंदा प्रथमच अर्ज करणाऱ्या तरुणाच्या वांट्यास रांगेचें शेपूट आलें. म्हणजे चिठ्ठीचा मार्ग वळसा घेऊन पुन्हां वडिलकीच्या मार्गास मिळाला.

राहिला प्रश्न चिठ्ठ्या ढवळणाऱ्या हाताचा. त्यांत काय अनर्थ होऊं शकतो याचें उदाहरण शिकारीबाहेरचें, पण त्याच देशांतील आहे. १ डिसेंबर १९६९ रोजीं वॉशिंग्टन येथें, व्हिएतनामच्या युद्धकाळांत कोणत्या तरुणांस आधीं सैन्यांत बोलवावयाचें, हें जन्मतारखांच्या सोडतीनें ठरविलें गेलें. ३६६ तारखांच्या डब्या महिनेवार पेटींत टाकल्या, आणि त्या पुरत्या ढवळल्या गेल्या नाहींत. शेवटीं पडलेल्या डिसेंबरच्या ३१ तारखांपैकीं २६ पहिल्या निम्म्यांतच निघाल्या. क्रमांकांची सरासरी १८३·५ असावयाची. ती जानेवारीची २०१, तर डिसेंबरची अवघी १२१·५ आली. यास कपट लागलें नाहीं, ढिलाई पुरली. १ जुलै १९७० च्या पुढील सोडतींत तारखांचें एक व क्रमांकांचें दुसरें अशीं दोन पिंपें घेतलीं, आणि तीं भरण्याचा क्रमही दैवावर सोंपविला.

आपल्या पूर्वजांस या दोन्ही बाजूंची जाण होती. तमिळ देशांतील उत्तरमेरूर येथें परांतक चोलाच्या काळचा, दहाव्या शतकांतील शिलालेख आहे. ग्रामसभेच्या समित्यांसाठीं नांवें ताडपत्रांवर लिहून घड्यांत घालावीं, सर्वांदेखत हलवावीं, आणि अजाण बालकाच्या हातून काढावीं, असा विधि त्यांत सांगितला आहे. पण त्याहून सविस्तर आहेत ते घड्यांत कोणाचें नांव पडावें याचे नियम: जमीन, वय व विद्या पाहावी, आणि मागील हिशेब न देणारा व त्याचे आप्त यांस मज्जाव असावा. गोतावळ्याचा बंदोबस्त तेव्हांच झालेला होता!

बदकांशीं आपणांस कर्तव्य नसलें तरी सोडतीशीं आहे. महाराष्ट्रांत म्हाडाचीं घरें सोडतीनें मिळतात, आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें राखलेल्या शेंकडा २५ जागांवर मुलांचा प्रवेशही सोडतीनें ठरतो. तेथें नांव न निघाल्यास दैवास बोल लावण्यापूर्वीं चार प्रश्न विचारावे: घड्यांत नांवें कोणाचीं होतीं? एकाच घरच्या किती चिठ्ठ्या पडल्या? त्या कोणी व कशा ढवळल्या? आणि अर्ज किती, जागा किती, हे आंकडे सर्वांस दाखविले कीं नाहीं? यांचीं उत्तरें चोख असलीं, तर हुकलेल्यानें दुसऱ्याच्या लाभाचा हेवा करूं नये. चोख नसलीं, तर दोष दैवाचा नव्हे, घडा भरणाऱ्यांचा. आणि तो त्यांच्या पदरीं घालणें हें प्रत्येक अर्जदाराचें कर्तव्यच होय.